गेट नंबर एकची पंगत

शेखर ढोमसे सकाळी धरणावर पोचला, तेव्हा गेट नंबर एकच्या पायथ्याशी त्याला कढई दिसली. साधीसुधी कढई नव्हे. अख्ख्या वऱ्हाडाची वांग्याची भाजी एका दमात शिजेल अशी, उचलायला चार गडी लागणारी, गावकीची कढई. तिच्यात राखाडी रंगाचं काहीतरी दाट दाट हलत होतं आणि भोवती रंगाचे डबे पडले होते. सगळेच्या सगळे रिकामे.

शेखर हा मोहखोरे धरणाचा शाखा अभियंता. कळवणच्याही पुढे डोंगराच्या कुशीत असलेल्या या धरणावर तो तीन वर्षं होता आणि बायको, निकिता, नाशिकला बँकेत. लग्न झाल्यापासून त्याचा संसार फक्त रविवारी चालायचा. त्यातही अर्धा रविवार एसटीत जायचा. बदलीसाठी त्याने इतक्या वेळा अर्ज केले होते की नाशिकच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा त्याला पाहून "झाली का हो?" असं विचारायचा. अखेर कार्यकारी अभियंता सविता बच्छाव मॅडमनी शब्द दिला. "ढोमसे, पावसाळ्याआधी निदान एक गेट नीट रंगवून दाखवा. मी स्वतः मोजून बघेन. पास झालं तर तिथंच, गेटवरच, तुमच्या बदलीवर सही करते."

मॅडम उद्या येणार होत्या.

यात "नीट" हा शब्द महत्त्वाचा होता. मागच्या वेळी कुणीतरी गंजावरच रंग फासून मोकळा झाला होता आणि वर्षभरात तो पापडासारखा सुटून आला होता. म्हणून यंदा जोरदार वाळूचा मारा करून गेट आधी स्वच्छ, चकचकीत करायचं आणि मग वेळ न दवडता त्यावर दोन डबे एकत्र कालवून होणारा रंग लावायचा असं ठरलं. पाण्याशेजारी उघडं लोखंड एक रात्रसुद्धा थांबत नाही, लगेच गंज धरतं. एका दिवसाला एक गेट, असा हिशोब होता. वाळूचा मारा काल संध्याकाळी फक्त गेट नंबर एकवर झाला होता, त्यावर रात्रभर ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवली होती आणि रंग मात्र सहाही गेटांचा आला होता.

काल फोनवर निकिता म्हणाली होती, "तुझी पाहणी होऊ दे. मग मीपण तुला एक बातमी देणार आहे."

"आत्ताच सांग की!"

"अंहं. आधी तुझं गेट."

आणि आता गेटसमोर ही कढई.

"चंदरभाऊ," शेखरने विचारलं, "हे काय आहे?"

"रंग कालवला, सायेब," चंदर अभिमानाने म्हणाला. त्याच्या हातात हातभर लांबीचं उलथणं होतं.

"सगळा?"

"मग काय थोडा थोडा कालवत बसायचा?"

चंदर हा रंगकामाचा मुकादम. पण ते वर्षातले काही महिने. लग्नसराईत तो पंचक्रोशीतला एक नंबरचा आचारी होता आणि उद्या गावात रावजीबाबांच्या नातीचं, तृप्तीचं, लग्न असल्यामुळे त्याच्या अंगात सध्या मुकादम कमी आणि आचारी जास्त होता. कढई लग्नघरी नेता नेता तो वाटेत कामावर आला होता.

"पंगत बसल्यावर कालवाया घेतलं तर वाढणार कवा?" चंदरने समजावलं. "एकदाच कढई भरायची अन् मंग वाढत सुटायचं. आमच्या बापानं असंच केलं. एक माणूस उपाशी गेला नाय कधी."

"अहो, पण हा सहा गेटचा रंग आहे! आज एकच गेट रंगवायचंय!"

"मंग उरंल की. उद्या वापरू."

"हा उरत नसतो, चंदरभाऊ! दोन डबे एकत्र केले की चार तासांत दगड होतो!"

चंदरला हे काही पटलं नाही. त्याने कढईच्या कडेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. खरोखरच चटका बसला होता.

"आयला! सायेब, चूल नाय, जाळ नाय, अन् हे आपलं आपणच शिजाया लागलं की वो!"

तेच होणार होतं. हा रंग थोडा थोडा कालवला तर शांत राहतो, पण ढिगाने कालवला की स्वतःच्याच गरमीने तापतो आणि चार तासांचं काम तासाभरात उरकून मोकळा होतो. शेखरने हे पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात कढईचा उल्लेख नव्हता, त्यामुळे मुकादमाला सांगायचं राहून गेलं.

त्याची पार घाबरगुंडी उडाली. एकीकडे गेट, दुसरीकडे सहा गेटांचा माल मातीमोल झाल्याचा ठपका. असा ठपका एकदा बसला की तो रिटायर होईपर्यंत माणसाबरोबर गावोगाव फिरतो. रंगाच्या कंपनीला फोन करून काही उपाय आहे का ते विचारायला हवं होतं आणि फोनला रेंज यायची फक्त म्हसोबाच्या वळणावर. शेखर धावत सुटला. धावता धावता तो ओरडला, "काहीही करा, पण यातला थेंबही वाया जाता कामा नये!"

इथेच घात झाला. कारण अन्न उरलं तर काय करायचं हे कुठल्याही आचाऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हसोबाच्या वळणावर शेखर कानाला फोन लावून उभा होता. कंपनीच्या मदत केंद्रातली बाई त्याला सतत हिंदीतून सांगत होती की त्याचा कॉल अत्यंत महत्त्वाचा आहे आणि मध्ये मध्ये बासरी वाजवत होती. तेवढ्यात गावातल्या देवळाचा भोंगा खरखरला.

"मोहखोरे गावातल्या समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येते की, धरणावर एक नंबर क्वालिटीचा रंग उरलेला हाय. तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार भांडं घेऊन यावं. रंग गरम हाय, उशीर करू नये. हेच आग्रहाचं निमंत्रण!"

शेखरच्या हातून फोन पडला. त्याने तो उचलला, तेव्हा बासरी थांबली होती आणि एक गोड आवाज म्हणत होता, "सर, मटेरियल पसरट ट्रेमध्ये ओता आणि खाली बर्फ ठेवा."

मे महिन्यात मोहखोऱ्यात बर्फ! शेखर परत धावला.

तो पोचला तेव्हा धरणावर रांग लागली होती. तांबे, बादल्या, घमेली, एकाच्या हातात तर ताक घुसळायचं मडकं. चंदर कढईशेजारी उभा राहून डावाने रंग वाढत होता आणि हात आखडता न घेता आग्रह करत होता. "घ्या बाबा, अजून एक डाव घ्या. लाजू नका. पत्र्याला लावा, नांगराला लावा, पाण्याखालीबी पंधरा वर्षं हलत नाय असं सायेब सांगतात." रांगेतून रंग घेऊन गेलेले लोक वाटेत दिसेल त्या लोखंडाला तो लावत सुटले होते. एसटीचा थांबा, हातपंप, पिठाच्या गिरणीचं शटर, रावजीबाबांची लोखंडी खाट. गाव बघता बघता म्हशीच्या रंगाचं झालं.

"चंदरभाऊ!" शेखर धापा टाकत म्हणाला. "गेट? गेटला लावला का?"

चंदरने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू नवरीच्या बापाने पहिल्या पंगतीला बसायची इच्छा दाखवली होती.

"सायेब, गेट आपल्या घरचं. घरचे लोक शेवटच्या पंगतीला बसतात. आधी गाव जेवलं पायजे."

"अहो, कसली पंगत! आधी गेट! गेटसाठीच होता रंग!"

"झालंच की आता. भिमाबाई शेवटची. तिची पेटी झाली की गेटचाच नंबर."

भिमाबाई, म्हणजे रावजीबाबांची बायको, आपली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन थेट धरणावर आली होती. नातीच्या लग्नात जुनाट गंजकी पेटी कशी मांडायची, म्हणून तिला ती नव्यासारखी करून हवी होती. चंदरने स्वतःच्या हाताने ती रंगवली. झाकण, कडी, कुलूप, कुलपाचं भोक, काही म्हणून सोडलं नाही. मग मोठ्या समाधानाने तो कढईकडे वळला, "आता गेट," म्हणाला आणि त्याने उलथणं उचलायला हात घातला.

उलथणं हललं नाही.

त्याने दोन्ही हात लावले. पाय कढईला टेकवून ओढलं. चार गडी आले. उलथणं कढईच्या मधोमध झेंड्याच्या काठीसारखं उभं राहिलं होतं आणि त्यासकट कढईही एका बाजूने उचलली जात होती.

"सायेब," चंदर हळूच म्हणाला, "उद्याची भाजी कशात करू?"

शेखर खाली बसला आणि कोऱ्याकरकरीत, चकचकीत गेटकडे बघत राहिला. गावातली प्रत्येक वस्तू गंजापासून वाचली होती. फक्त ज्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते गेट तेवढं उपाशी राहिलं होतं.

मग त्याने पुन्हा म्हसोबाचं वळण गाठून नाशिक, मनमाड, येवला, मिळतील त्या सगळ्या दुकानांना फोन केले. असा रंग मागवल्याशिवाय येत नाही असं सगळ्यांनी सांगितलं आणि मागवल्यावर आठवडाभराने येतो हेही सांगितलं. घरी जायचं किंवा गेटवर पुन्हा ताडपत्री गुंडाळायचं भानही त्याला राहिलं नाही. धरणावरच्या ऑफिसातल्या टेबलावरच त्याने अंग टाकलं. सकाळी उठून पाहिलं, तर रात्रीच्या दवाने आपलं काम चोख केलं होतं. गेट नंबर एकला वरपासून खालपर्यंत पिवळसर तांबूस झाक आली होती. गावात एक हळद लागली होती, धरणावर दुसरी.

त्याला आता एकच आशा होती. धरणाकडे येणाऱ्या मॅडमना वाटेत गावातच अडकवायचं. लग्न, जेवण, आहेर, फोटो असं करत करत अंधार पडला तर गेट दिसणार नाही.

पण लग्नघरी वेगळाच गोंधळ होता. भिमाबाई पेटीसमोर बसून रडत होती. "सायेब, पेटी उघडंना! तृप्तीची पैठणी आत हाय. येवल्याहून आणलेली. ती नेसल्याशिवाय पोरगी बाहेर येईना अन् पोरगी आल्याशिवाय लगीन लागंना!"

रावजीबाबा मांडवाशेजारच्या कडुनिंबाखाली खाटेवर आडवे होते. काल ते रंग ओला असतानाच तिच्यावर घोंगडी टाकून झोपले होते. घोंगडी आता खाटेचाच भाग झाली होती. "मला बरं पडलं," ते म्हणाले. "पंधरा वर्षं अंथरूण घालाया नको. पण पोरीचं काय?"

किल्ली कुलपात शिरत नव्हती. पहार लावली, पहार वाकली. शेखर अभियंता होता आणि हे सगळं आपल्यामुळे झालंय याची त्याला बोचणीही होती. शेवटी त्याला सुचलं. धरणावर वजन उचलायला साखळीची कप्पी होती. ती त्याने मागवली, त्याच कडुनिंबाला टांगली, आकडा पेटीच्या झाकणाच्या कडीत अडकवला आणि चंदरला सांगितलं, "दोन गड्यांना पेटी खाली दाबून धरायला सांगा. झाकण वर जाईल."

झाकण गेलं वर. पण पेटीही वर गेली आणि तिला धरलेले दोन गडीही. नेमक्या त्याच वेळी मांडवापाशी सरकारी गाडी येऊन उभी राहिली आणि सविता बच्छाव मॅडम खाली उतरल्या.

"ढोमसे," मॅडमनी वर पाहिलं, "धरणाची कप्पी इथं काय करतेय?"

"मॅडम, ट्रायल," शेखरच्या तोंडून निघालं.

"आणि ती माणसं?"

"ते वजन."

तेवढ्यात कर्रर्र असा आवाज आला. झाकण जागचं हललं नव्हतं. पण पेटीचं बूड, जे चंदरने जमिनीवर टेकलेलं म्हणून रंगवलंच नव्हतं, ते वर्षानुवर्षांच्या गंजाने सुटलं आणि आतलं सगळं धडाधडा खाली आलं. दोन परकर, एक समई, लाडवांचा डबा आणि सगळ्यात शेवटी रावजीबाबांच्या अंगावर अलगद पैठणी. वरचे दोन गडी बिनबुडाच्या पेटीला लटकून राहिले.

भिमाबाईने पैठणी उचलून छातीशी धरली. "देवा, आली गं बाई!" मांडवात टाळ्या पडल्या आणि वाजंत्रीवाल्याला वाटलं मुहूर्त झाला, त्याने वाजवायला सुरुवात केली.

मॅडम मात्र पेटीजवळ गेल्या. त्यांनी पर्समधून पेनाएवढं एक यंत्र काढलं. लोखंडाला टेकवलं की वरच्या रंगाची जाडी सांगणारं. त्यांनी ते झाकणावर टेकवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग खाटेवर टेकवलं. मग हातपंपावर, गिरणीच्या शटरवर, थांब्यावर. शेखर मागे मागे चालत होता आणि मनात म्हसोबाला नवस बोलत होता. शेवटी मॅडम मांडवामागे गड्यांनी धरणावरून आणून टाकलेल्या कढईपाशी आल्या. यंत्राने उलथण्याशेजारी नुसतंच किंचाळून दाखवलं. एवढी जाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"ढोमसे, इतका उत्तम रंग मी जिल्ह्यातल्या एकाही गेटवर पाहिला नाही."

"थँक्यू, मॅडम."

"आता गेट दाखवा."

शेखरने जेवणाचा आग्रह करून पाहिला, चंदरने बट्टी गरम असल्याचं सांगितलं, पण मॅडम गाडीत बसल्यासुद्धा, मग मागून हे दोघंही. गेट नंबर एकसमोर उभ्या राहून त्यांनी यंत्र टेकवलं. यंत्र गप्प. दुसरीकडे टेकवलं. गप्प. बोट फिरवलं, बोट पिवळं झालं.

"मॅडम," चंदर मध्ये पडला, "सायबांची चूक नाय. गेट घरचं होतं. घरचं शेवटी बसतं. वाढता वाढता संपलं."

मॅडमनी एकदा चंदरकडे पाहिलं, एकदा गेटकडे आणि मग बराच वेळ धरणाच्या पाण्याकडे. त्यांचे खांदे थोडे हलत होते. हसू आवरत होत्या की राग, हे शेखरला कळलं नाही.

"पेटी बघितलीत ना, ढोमसे? वरून रंग, बुडाला गंज. जिथं ब्रश पोचत नाही तिथूनच लोखंड जातं. नवा रंग मागवा. सहाही गेट स्वतः उभं राहून करून घ्या, बुडापर्यंत. तोवर बदलीचं नाव काढायचं नाही. वर्षभर तरी इथून हलायचं नाही."

गाडी निघून गेली. शेखर गेटच्या पायरीवर मटकन बसला. तीन वर्षांची वाट पाहणं, शब्द दिलेली सही, नाशिकचं घर, सगळं त्या कढईत गोठलं होतं. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं. निकिताला आता काय सांगायचं?

"शेखर!"

त्याने वळून पाहिलं. निकिता. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात कुंडीतली तुळस. दुपारच्या एसटीने ती राखाडी थांब्यावर उतरून चालत आली होती.

"तू इथं कशी?"

"आधी सांग, पाहणीचं काय झालं?"

"नाही झाली सही," शेखर खाली मान घालून म्हणाला. "वर्षभर इथंच."

निकिताने बॅग धपकन खाली ठेवली, तुळस अलगद ठेवली आणि हात जोडले. "वाचले रे बाबा! रात्रभर झोप नाही मला. अरे, माझी कळवणला बदली झाली. मीच मागून घेतली. तुझं कधी होईना, म्हणून म्हटलं आपणच जावं. आणि परवा ऑर्डर हातात पडते तर तू म्हणतोस, दोन दिवसांत सही! तू नाशिकला आणि मी कळवणला. पुन्हा रविवार!"

शेखर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. तो उठला आणि त्याने चंदरला कडकडून मिठी मारली. चंदर गांगरला. त्याला आजवर भाजीसाठी मिठ्या मिळाल्या होत्या, रंगासाठी पहिल्यांदाच.

"चला, घरी चला," शेखरने बॅग उचलली. वसाहतीतल्या त्याच्या क्वार्टरचा लोखंडी दरवाजा लांबूनच वेगळा दिसत होता. राखाडी, गुळगुळीत, बिजागरीपासून कुलपापर्यंत एकसंध.

"तुम्ही गेटच्या नादात होता ना काल," चंदर मागून लाजत म्हणाला. "सायेब म्हणजे मानाचे. तुमच्या दाराला सगळ्यात आधी वाढला. दोन हात दिले."

शेखरने धक्का मारला. निकिताने मारला. दोघांनी मिळून मारला.

"हे उघडणार कधी, चंदरभाऊ?" निकिताने विचारलं.

"पाण्याखाली पंधरा वर्षांची ग्यारंटी हाय, वहिनी. कोरड्यात जास्तीच टिकंल. पण तुम्ही काळजी नका करू. जेवून घ्या, मंग खिडकीचे गज काढू."

मांडवात लग्न लागलं होतं. तृप्ती पैठणीत झळकत होती. कढई नसल्यामुळे भाजी गावातल्या घराघरांतल्या पातेल्यांत शिजली होती आणि प्रत्येक पातेल्याची चव वेगळी होती, त्यामुळे पंगतीत कधी नव्हे ती चर्चा रंगली होती. शेखर आणि निकिता पहिल्या पंगतीत बसायला गेले, तर रावजीबाबांनी शेखरचा हात धरला.

"आता वर्षभर तुम्ही हितलेच ना, सायेब? अन् सूनबाईबी आल्या. मंग तुम्ही पाव्हणे कसले? घरचे झालात. आमच्यासंगं बसा."

शेखरला फार बरं वाटलं. ते दोघं थांबले. एक पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. अखेर सगळं गाव जेवून झाल्यावर रावजीबाबा, भिमाबाई, चंदरची माणसं आणि हे दोघं ओळीने पानावर बसले. चंदर रिकाम्या पातेल्यात डाव खडखडवत आला आणि शेखरसमोर थांबला.

"सायेब," तो खाली बघत म्हणाला, "भाजी संपली. बट्टी अन् मठ्ठा वाढू का?"